संभाव्यता: सूत्राआधी नमुना अवकाश (मूलभूत कल्पना, सरावाची गणितं, शंका)

गणिती_किडा

संभाव्यतेचं गणित सूत्र लावताना फारसं चुकत नाही, त्याच्या आधीच चुकतं. भागाकार सगळ्यांना येतो. छेदात काय लिहायचं, तिथे घोळ होतो. म्हणून या धाग्यात सूत्रं कमी आणि मोजणी जास्त.

व्याख्या झटपट उरकतो. ज्याच्या सगळ्या शक्य निष्पत्ती आधीच माहीत असतात, पण नेमकी कुठली हाती येईल ते सांगता येत नाही, तो यादृच्छिक प्रयोग. सगळ्या निष्पत्तींचा संच म्हणजे नमुना अवकाश. त्यातला आपल्याला हवा तो उपसंच म्हणजे घटना. निष्पत्ती समसंभाव्य असतील तर (म्हणजे प्रत्येक निष्पत्ती येण्याची शक्यता सारखीच असेल तर) घटनेतल्या निष्पत्तींची संख्या भागिले एकूण निष्पत्तींची संख्या, ही त्या घटनेची संभाव्यता.

यातला "समसंभाव्य असतील तर" हा तुकडा घाईत गिळला जातो. भले भले तिथे फसलेत. नाणं दोनदा उडवलं तर निदान एकदा छापा येण्याची संभाव्यता किती? दालाँबेर हा मोठा फ्रेंच गणिती. त्याने १७५४ साली विश्वकोशातल्या नोंदीत या प्रश्नाचं उत्तर २/३ असावं असा युक्तिवाद केला. पहिल्याच फेकीत छापा आला तर काम झालं, दुसरी फेक हवीच कशाला? नाही आला तर दुसऱ्या फेकीत छापा किंवा काटा. एकूण तीन शक्यता, दोन आपल्या बाजूच्या. ऐकायला चोख वाटतं. या तीन शक्यता खऱ्याच आहेत, पण त्यांचं वजन सारखं नाही: पहिलीचं १/२, उरलेल्या दोघींचं प्रत्येकी १/४. आपल्या बाजूच्या दोघींची बेरीज ३/४, तेच खरं उत्तर.

दुसरं उदाहरण गॅलिलिओचं. तीन फासे टाकले तर बेरीज ९ येण्याच्या सहा तऱ्हा: १-२-६, १-३-५, १-४-४, २-२-५, २-३-४, ३-३-३. बेरीज १० येण्याच्याही सहाच: १-३-६, १-४-५, २-२-६, २-३-५, २-४-४, ३-३-४. तरी खेळणाऱ्यांचा अनुभव असा की १० जास्त वेळा पडतात. कारण १-२-६ ही एक तऱ्हा दिसत असली तरी तीन फाशांवर ती सहा प्रकारे पडते, १-४-४ तीन प्रकारे आणि ३-३-३ एकाच प्रकारे. मोजून बघा: ९ साठी २५, १० साठी २७, एकूण २१६ पैकी. फासे दिसायला हुबेहूब सारखे असले तरी मोजताना त्यांना वेगवेगळे रंग दिलेत असं समजायचं.

नियम तीनच लक्षात ठेवा. "अ किंवा ब" साठी दोघांची बेरीज वजा दोन्ही एकदम घडण्याची संभाव्यता. "निदान एक" असं दिसलं की उलटी घटना काढून १ मधून वजा करा. "अ आणि ब" साठी अ ची संभाव्यता गुणिले, अ घडल्यावर ब ची संभाव्यता.

आता गणितं.

१) १ ते १०० मधली एक संख्या यादृच्छिकपणे निवडली. तिला ४ किंवा ६ ने भाग जाण्याची संभाव्यता?
२) पिशवीत ५ लाल आणि ३ निळे चेंडू. न बघता दोन काढले, पहिला परत ठेवला नाही. दोन्ही एकाच रंगाचे असण्याची संभाव्यता?
३) एक फासा ४ वेळा टाकून निदान एकदा सहा पडणं, किंवा दोन फासे २४ वेळा टाकून निदान एकदा दोन्हींवर सहा पडणं. पैज कशावर लावाल?
४) कुणीतरी दोन नाणी उडवली. निदान एक छापा आहे असं तुम्हाला कळलं. दोन्ही छापा असण्याची संभाव्यता?
५) चार पत्रं, चार पत्ते लिहिलेली पाकिटं. डोळे मिटून पत्रं पाकिटांत भरली. एकही पत्र आपल्या पाकिटात नसण्याची संभाव्यता?
६) नाणं उडवत राहायचं. लागोपाठ छापा-छापा येईपर्यंत सरासरी किती वेळा उडवावं लागेल? आणि छापा-काटा येईपर्यंत?

बाराखडी

दादा, पहिली दोन करून बघितली.

१) ४ ने भाग जाणाऱ्या २५, ६ ने जाणाऱ्या १६. दोन्हींनी म्हणजे १२ ने जाणाऱ्या ८. २५ + १६ − ८ = ३३, उत्तर ३३/१००.
२) दोन्ही लाल: ५/८ × ४/७ = २०/५६. दोन्ही निळे: ३/८ × २/७ = ६/५६. बेरीज २६/५६ = १३/२८.

शंका अशी की परस्पर अपवर्जी घटना आणि स्वतंत्र घटना यांत माझा कायम गोंधळ होतो. दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही म्हणजे त्या स्वतंत्र ना? मग ज्या एकत्र घडूच शकत नाहीत, त्यांचाही संबंध नाहीच की.

गणिती_किडा

दोन्ही उत्तरं बरोबर.

तुझी शंका परीक्षेत हमखास गुण खाते. एकत्र घडूच न शकणाऱ्या घटनांचा उलट फार घट्ट संबंध असतो. एक घडली की दुसरीची संभाव्यता थेट शून्यावर येते! स्वतंत्र म्हणजे एक घडल्याचं कळल्यावरही दुसरीची संभाव्यता जागची हलत नाही. त्यामुळे दोन्हींची संभाव्यता शून्याहून जास्त असेल तर त्या एकाच वेळी परस्पर अपवर्जी आणि स्वतंत्र असूच शकत नाहीत.

आणखी एक. स्वातंत्र्य नजरेने ओळखायला जाऊ नये, गुणाकार करून बघावा. ५२ पत्त्यांच्या कॅटमधून एक पत्ता ओढला. राजा असण्याची संभाव्यता ४/५२ म्हणजे १/१३, बदाम असण्याची १/४. बदाम राजा एकच, १/५२. गुणाकार तंतोतंत जुळतो, घटना स्वतंत्र. आता त्याच कॅटमध्ये एक जोकर घाला. जोकर राजाही नाही, बदामही नाही. राजाची संभाव्यता ४/५३, बदामाची १३/५३, गुणाकार ५२/२८०९. पण बदाम राजा १/५३ म्हणजे ५३/२८०९. जुळलं नाही, स्वातंत्र्य गेलं. राजा आणि बदाम यांच्यात काहीच बदललं नाही, बदलला तो नमुना अवकाश.

उंटावरचा_शहाणा

तिसऱ्या गणितात एवढं काय आहे? एका फाशावर सहा शक्यता, त्यात ४ फेकी. दोन फाशांवर ३६ शक्यता. ४ ला ६ तर २४ ला ३६. प्रमाण तेच, पैज सारखीच. त्रैराशिकात सुटणाऱ्या गणिताला उगाच वळसे.

पाऊणतास

शहाणेराव, तुमच्या त्रैराशिकाने ६ फेकींत सहा पडण्याची खात्रीच द्यायला हवी, आणि ७ फेकींत खात्रीपेक्षाही जास्त. 🙂

उलटी घटना घ्या. ४ फेकींत एकदाही सहा नाही: (५/६) चा चौथा घात, ६२५/१२९६. १ मधून वजा केलं की ६७१/१२९६, साधारण ०.५१८. पैज फायद्याची. २४ फेकींत एकदाही दुहेरी सहा नाही: (३५/३६) चा २४ वा घात, साधारण ०.५०९. म्हणजे जिंकण्याची संभाव्यता ०.४९१, पैज तोट्याची. फेकी २५ केल्या तर ०.५०६ वर येते.

बाकी तुमची संगत काही वाईट नाही. शव्हालिए द मेरे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फ्रेंच लेखकालाही २४ हाच आकडा बरोबर असायला हवा असं वाटत होतं. त्याचे प्रश्न पास्कालकडे गेले, आणि १६५४ साली पास्काल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितींमध्ये जो पत्रव्यवहार झाला, तिथून संभाव्यतेच्या गणिताची सुरुवात मानतात.

उंटावरचा_शहाणा

सात फेकींवाला मुद्दा पटला. उतरलो.

मृद्गंध

चौथं गणित सोपं वाटलं. एक नाणं छापा आहेच, उरलं दुसरं, त्याचा पहिल्याशी संबंध नाही. म्हणून १/२. पण भाचा म्हणतो त्याच्या पुस्तकात १/३ आहे. छपाईची चूक?

बाराखडी

ताई, चूक नाहीये. नमुना अवकाशात चार निष्पत्ती: छाछा, छाका, काछा, काका. काका गेले, उरल्या तीन. त्यात दोन्ही छापा एकच. १/३.

मृद्गंध

मान्य, पण समज मी टेबलावर डोकावले आणि मला एक नाणं दिसलं, छापा. निदान एक छापा आहे हे मला कळलंच ना? आता दुसरं नाणं काय माझं बघून घाबरणार आहे? दुसरं छापा असण्याची संभाव्यता १/२ च. एकाच माहितीची दोन उत्तरं कशी?

गणिती_किडा

याच भांडणाची वाट बघत होतो. प्रश्नात "कळलं" एवढंच मुद्दाम लिहिलं होतं. कसं कळलं ते सांगितलेलं नाही, आणि उत्तर त्यावरच ठरतं.

दोन नाणी ४०० वेळा उडवली आणि सगळं अगदी सरासरीबरहुकूम पडलं असं धरू. छाछा १००, छाका १००, काछा १००, काका १००. (शेवटचं वाचून कुणाला तरी हाक मारल्यासारखं वाटतं, इलाज नाही.)

पहिली पद्धत: दोन्ही नाणी बघितलेल्या माणसाला आपण विचारतो, "निदान एक छापा आहे का?" तो खरं सांगतो. "हो" असं उत्तर ३०० वेळा येईल. त्यातल्या १०० वेळा दोन्ही छापा. १/३.

दुसरी पद्धत: माणूस दोनपैकी कुठलंही एक नाणं यादृच्छिकपणे बघतो आणि त्यावर जे असेल ते सांगतो. छाछा असेल तर १०० च्या १०० वेळा "छापा" म्हणेल. छाका आणि काछा मिळून २०० आहेत, पण त्यांतल्या निम्म्या वेळा त्याला काटाच दिसेल. म्हणजे "छापा" १०० वेळाच. एकूण २०० वेळा "छापा" ऐकू येईल, त्यातल्या १०० वेळा दोन्ही छापा. १/२.

मृद्गंधताई, तुमचं डोकावणं दुसऱ्या पद्धतीत बसतं, पुस्तकाचं गणित पहिल्या. छाका आणि काछा यांतून "छापा" ही बातमी तुमच्यापर्यंत किती वेळा पोचते, एवढाच फरक. नमुना अवकाशात नाण्यांसोबत बातमी देणाऱ्याची निवडही धरावी लागते. "असं कळलं की…" एवढ्यावर प्रश्न सोडून देणारे पेपर काढणारे मला आवडत नाहीत, विद्यार्थ्याने काय ओळखायचं? स्वतः पेपर काढत असाल तर "असं विचारल्यावर हो असं उत्तर आलं" एवढं तरी लिहा.

तीन दरवाज्यांचं प्रसिद्ध कोडं याच जातकुळीचं. एका दारामागे बक्षीस. तुम्ही एक दार निवडलं, सूत्रधाराने उरलेल्यांपैकी एक रिकामं दार उघडलं. आता दार बदलावं का? संख्याशास्त्रज्ञ स्टीव्ह सेल्विनने १९७५ साली ते मांडलं आणि १९९० साली मेरिलिन व्हॉस सॅव्हंटने एका अमेरिकी मासिकातल्या आपल्या सदरात "बदला, २/३" असं उत्तर दिल्यावर गणित शिकलेल्यांनीही तिच्यावर पत्रांचा भडिमार केला. सूत्रधाराला बक्षीस कुठे आहे ते माहीत असेल आणि तो कायम रिकामंच दार उघडत असेल, तर तिचं उत्तर अचूक. पण त्यालाही माहीत नसेल, त्याने अंदाजाने दार उघडलं आणि ते योगायोगाने रिकामं निघालं असेल, तर बदलण्याने काही फरक पडत नाही, १/२ च. उघडलेलं दार दोन्ही वेळा तसंच दिसतं.

त्रिज्या

छान चाललंय. या ४०० वाल्या पद्धतीने एक गणित माझ्याकडून. एक आजार १०० पैकी एकाला असतो. तपासणी आजारी माणसाला ९९ टक्के वेळा पकडते, पण निरोगी माणसालाही ५ टक्के वेळा चुकून आजारी ठरवते. लोकांमधून यादृच्छिकपणे निवडलेल्या एकाची तपासणी झाली आणि ती पॉझिटिव्ह आली. त्याला खरंच आजार असण्याची संभाव्यता?

सूत्राला हात न लावता १०,००० माणसं घ्या. आजारी १००, त्यांतले ९९ पॉझिटिव्ह. निरोगी ९,९००, त्यांतले ५ टक्के म्हणजे ४९५ पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ५९४, त्यांत खरे ९९. म्हणजे ६ पैकी १. पहिल्यांदा हे ऐकणारे बहुतेक जण ९० च्या वरचा आकडा सांगतात. आजारी असल्यावर पॉझिटिव्ह येणं आणि पॉझिटिव्ह आल्यावर आजारी असणं, या दोन संभाव्यता त्यांनी एकच धरलेल्या असतात. वरच्या मोजणीमागे आहे तो बेझचा नियम. थॉमस बेझच्या मृत्यूनंतर, १७६३ साली, त्याचा निबंध छापला गेला.

आणि लक्षणं दिसल्यामुळे तपासणीला आलेल्या माणसाला हे ६ पैकी १ लावू नका. त्याच्यासाठी "१०० पैकी एक" हा सुरुवातीचा आकडाच बदलतो.

जुनाजाणता

सगळं वाचलं. एक सांगा, नाण्यावर लागोपाठ दहा काटे पडले तर आता छापा येण्याची शक्यता वाढायला नको? शेवटी निम्मे-निम्मे व्हायचेच असतात ना? सरासरीचा नियम म्हणतात तो हाच की.

पाऊणतास

काका, नाण्याला मागचं काही आठवत नाही. १८ ऑगस्ट १९१३ रोजी मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटचा चेंडू लागोपाठ २६ वेळा काळ्यावर पडला. "आता तरी लाल येईलच" म्हणत लोक पैजा वाढवत गेले आणि धुऊन निघाले. ३७ घरांच्या चाकावर काळ्याची संभाव्यता १८/३७. पहिल्या फिरकीला तेवढीच, सत्ताविसाव्याला तेवढीच.

निम्मे-निम्मे होतात ते प्रमाणाच्या अर्थाने. मागचे दहा काटे भरून काढायला पुढे जादा छापे येत नाहीत. पुढच्या हजारो फेकींत त्या दहांची मातब्बरी उरत नाही, इतकंच. हाच मोठ्या संख्यांचा नियम. स्विस गणिती याकोब बर्नूलीने तो सिद्ध केला आणि तो त्याच्या मृत्यूनंतर १७१३ साली छापला गेला. त्यातही भरपाईचं आश्वासन नाही.

बाराखडी

पाचव्याला २४ प्रकार लिहून काढले. एकही पत्र आपल्या पाकिटात नाही असे ९ मिळाले. ९/२४ = ३/८. पण मोजायला काही युक्ती आहे का? पाच पत्रांना १२० लिहायचा धीर नाही.

त्रिज्या

आहे. पहिलं पत्र चुकीच्या पाकिटात जायला ३ पर्याय, तिन्ही सारखेच, म्हणून एकच बघू: पहिलं पत्र दुसऱ्या पाकिटात गेलं. आता दुसरं पत्र कुठे? पहिल्या पाकिटात गेलं तर तिसरं-चौथं आपसात बदलणार, १ प्रकार. तिसऱ्यात गेलं तर चौथं पत्र पहिल्यात आणि तिसरं चौथ्यात, १ प्रकार. चौथ्यात गेलं तर तसाच १. तीन झाले, गुणिले ३ म्हणजे ९.

पाच पत्रांना ४४/१२०, म्हणजे ०.३६७ च्या आसपास. गंमत अशी की पत्रं दहा असोत की दहा हजार, उत्तर ०.३६७९ लाच चिकटून बसतं. ही १/ई ची किंमत (ई म्हणजे गणितातला २.७१८… हा स्थिरांक). हा प्रश्न माँमोर या फ्रेंच गणितीने १७०८ साली पत्त्यांच्या खेळावरून मांडला होता.

मृद्गंध

सहाव्यावर कुणी बोलेना. दोन फेकींत छाछा १/४, छाका १/४. दोन्हींची सरासरी सारखीच यायला हवी. पण या धाग्यावर "सारखीच" म्हटलं की काहीतरी निघतं, म्हणून घाबरत विचारतेय.

गणिती_किडा

घाबरलात ते बरंच केलंत. छाका साठी सरासरी ४, छाछा साठी ६.

एखादी गोष्ट घडण्याची संभाव्यता दर फेकीला १/२ असेल तर ती पहिल्यांदा घडेपर्यंत सरासरी २ फेकी लागतात. (फाशावर सहासाठी याच नियमाने ६.) छाका साठी आधी छापा हवा: सरासरी २ फेकी. मग काटा हवा. मध्ये पुन्हा छापा पडला तरी बिघडत नाही, तो नवा छापाही काट्याची वाट बघतच बसतो. आणखी सरासरी २. एकूण ४.

छाछा ला ही सवलत नाही. पहिला छापा मिळाला, २ फेकी. आणखी एक फेक. निम्म्या वेळा छापा पडून काम होतं. निम्म्या वेळा काटा पडतो आणि सगळं पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून. सरासरीला स म्हटलं तर स = २ + १ + स/२. म्हणून स = ६.

लांबलचक फेकींत दोन्ही जोड्या सारख्याच वेळा दिसतात. पण छाछा घोळक्याने येतात, तीन छापे लागोपाठ पडले तर त्यांत दोन छाछा असतात. घोळके आले की मधली अंतरं लांबणारच.

पाऊणतास

म्हणजे मी छाका वर आणि तुम्ही छाछा वर पैज लावली, ज्याची जोडी आधी येईल तो जिंकला, तर माझा फायदा?

गणिती_किडा

नाही! पहिला छापा पडेपर्यंत कुणीच जिंकत नाही. तो पडला की पुढची फेक निकाल लावते, छापा की काटा. दोघांनाही १/२. सरासरी ४ आणि ६, तरी शर्यत बरोबरीची, कारण तुमची जोडी आधी आली की माझी अजून किती लांब आहे याच्याशी त्या शर्यतीला देणंघेणं नाही.

फायदाच हवा असेल तर माझ्या छाछा विरुद्ध काछा निवडा. पहिल्या दोन फेकी छाछा पडल्या तरच मी जिंकतो, संभाव्यता १/४. एकदा का काटा पडला की पुढे पहिला छापा पडताक्षणी तुमची काछा पूर्ण होते, मला दुसरा छापा मिळण्याच्या आधीच. तुम्ही ३/४.